प्रोसेसर बदलायचा की अख्खा प्लॅटफॉर्म? उडी कधी मारायची ते असं ठरवा

नवीन प्रोसेसरची किंमत बघून बजेट ठरवू नका, कारण सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, बदललं की बोर्ड (मदरबोर्ड) आलाच आणि हल्ली बोर्डामागोमाग रॅमही आली; या तिघांना मिळूनच प्लॅटफॉर्म म्हणतात. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या एएम४ या जुन्या सॉकेटवरून एएम५ या नव्या सॉकेटवर जाताय तर घरातली डीडीआर४ रॅम तिथे बसतच नाही, एएम५ ला फक्त डीडीआर५ चालते. आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे भडकलेत ते विचारू नका, एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केली आणि मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशल हा साध्या ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळणार असं जाहीर करून टाकलं. पूर्वी प्रोसेसर महाग आणि रॅम किरकोळ असं असायचं, ते गणितच आता बदललंय. त्यामुळे 'नवीन काय आलंय' इथून सुरुवात न करता 'माझं नक्की अडतंय कुठे' इथून करा.

आता अडतंय कुठे हे बघायला पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो. गेमिंगवाल्यांसाठी सगळ्यात सोपी परीक्षा ही: आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका, त्यातून स्क्रीनच्या कोपऱ्यात जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाच्या चिपचा) वापर आणि एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) दिसेल असं लावा, नेहमीचा गेम नेहमीच्या सेटिंगवर एका ठरावीक जागी खेळून आकडा लिहून ठेवा, मग रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा आणि त्याच जागी परत बघा. एफपीएस धाडकन वाढले तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे, प्लॅटफॉर्म बदलून काडीचा फरक पडणार नाही. पण ७२०पी वरही एफपीएस तिथल्या तिथे आणि जीपीयू ५०-६० टक्क्यांवर निवांत बसलाय असं दिसलं तर प्रोसेसर दमलाय. टास्क मॅनेजरमधला सीपीयूचा एकच एक टक्का बघून मात्र काही ठरवू नका, कारण १२ थ्रेडच्या (एकाच वेळी १२ कामं चालवणाऱ्या) प्रोसेसरवर गेमने एक-दोन थ्रेड पार पिळून काढले आणि बाकीचे अर्धवट वापरले तरी तिथे ३५-४० टक्केच दिसतात आणि माणूस म्हणतो की प्रोसेसर तर रिकामाच आहे. ग्राफवर राइट क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसर (म्हणजे थ्रेड) वेगळा दिसेल असं करा, मग खरं चित्र कळतं.

प्रोसेसर दमलाय असं दिसलं तरी लगेच दुकानात पळू नका, दोन गोष्टी आधी तपासा. टास्क मॅनेजरमध्येच मेमरीवर क्लिक केलं की रॅमचा वेग दिसतो. तिथे २१३३ किंवा २४०० दिसत असेल आणि रॅमच्या पाकिटावर ३२०० लिहिलेलं असेल तर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालूच केलेलं नाही, काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. असेंबल करून घेतलेल्या कितीतरी मशीनमध्ये हे वर्षानुवर्षं बंद असतं आणि रायझनला तर रॅमच्या वेगाचा फरक चांगलाच जाणवतो. एकच स्टिक लावलेली असेल तर ड्युअल चॅनल, म्हणजे दोन स्टिकमधून एकदम डेटा नेण्याची सोय, तीही मिळत नाही, तिथेही बराच वेग वाया जातो. दुसरी गोष्ट तापमान. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून लोड असताना बघा, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच ३८-४० वर असते, कूलरच्या पंख्यात धूळ आणि प्रोसेसर-कूलरमधली पेस्ट वाळून खडखडीत, मग प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि आपल्याला वाटतं की म्हातारा झाला. साफसफाई आणि नवीन पेस्ट, खर्च नाहीच्या बरोबर.

एवढं करूनही अडतंय? मग पुढचा प्रश्न, आहे त्याच बोर्डावर अजून काय बसतं? माझं ठाम मत आहे की सध्याच्या भावात बहुतेक एएम४ वाल्यांचं उत्तर इथेच सापडतं. एएम४ वर रायझन २०१७ मध्ये आला आणि त्याच सॉकेटवर १००० पासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर बसत गेले. हे आपोआप झालं नाही बरं का, २०२० मध्ये एएमडीने आधी सांगितलं होतं की बी४५० वगैरे ४०० मालिकेच्या बोर्डांना रायझन ५००० मिळणार नाही, लोकांनी जोरदार आरडाओरडा केला तेव्हा कुठे निर्णय फिरवला, आणि २०२२ मध्ये तर ३०० मालिकेच्या जुन्या बोर्डांनाही परवानगी दिली. म्हणजे २०१७-१८ ला रायझन ५ १६०० किंवा २६०० घेऊन बी३५० किंवा बी४५० वर बसलेला माणूस आज फक्त बायोस अपडेट करून ५६०० किंवा ५७००एक्स टाकू शकतो, रॅम तीच, बोर्ड तोच, कूलरही बहुधा तोच. गेमच खेळायचे असतील तर ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी, यांच्यात एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ९६ एमबी आहे आणि गेममध्ये त्याचा फायदा थेट दिसतो, फक्त हे आता नवीन मिळणं अवघड झालंय आणि सेकंडहँडवाले भाव चढवून सांगतात. कुणी नव्या ५७००एक्सच्या दुपटीच्या वर मागत असेल तर मी तरी सोडून देईन.

बोर्ड निर्मात्याच्या साइटवर सीपीयू सपोर्ट लिस्ट असते, तिथे आपल्या बोर्डाचं नाव आणि रिव्हिजन दोन्ही जुळवून बघा आणि कुठल्या बायोस व्हर्जनपासून सपोर्ट आहे ते लिहून घ्या. अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करायचा, यूपीएसवर करायचा, कारण मध्येच लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

इंटेलवाल्यांचं गणित वेगळं. तिथे सॉकेट दोन-तीन पिढ्यांत बदलतं. एलजीए १२०० वर फक्त १०वी आणि ११वी पिढी, एलजीए १७०० वर १२वी ते १४वी, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात कोअर अल्ट्रा २०० आले ते एलजीए १८५१ वर. म्हणजे ८व्या-९व्या पिढीवर बसलेल्या माणसाला त्याच बोर्डात फारसं वर जाता येत नाही. पण इथे एक मधला रस्ता आहे जो बरेच जण विसरतात: एलजीए १७०० चे डीडीआर४ वाले बोर्ड. बी६६० किंवा बी७६० चा डीडीआर४ प्रकार आणि त्यावर आय५ १२४००एफ सारखा प्रोसेसर घेतला तर घरातली १६ किंवा ३२ जीबी रॅम तशीच वापरता येते, म्हणजे सध्याचा सगळ्यात महाग भाग विकत घ्यायचाच नाही. त्याच सॉकेटवर १३व्या-१४व्या पिढीचा तगडा प्रोसेसर सेकंडहँड घेत असाल तर मात्र सांभाळून. त्यांच्यात चढ्या व्होल्टेजमुळे प्रोसेसर कायमचा बिघडण्याची भानगड २०२४ मध्ये निघाली होती, इंटेलने मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच्या मालकाने जुन्या बायोसवर तो किती दामटला होता हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. बिलाशिवाय घेऊच नका.

मग प्लॅटफॉर्म खरंच कधी बदलायचा? माझ्या मते, बोर्डच जेव्हा आडवा येतो तेव्हा. आहे त्या सॉकेटवरचा सगळ्यात चांगला प्रोसेसर तुमच्याकडे आधीच आहे आणि तरी ७२०पी च्या परीक्षेत प्रोसेसरच मागे पडतोय, हे एक. दुसरं म्हणजे पीसीआयईची लेन, म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांच्यात डेटा नेणारा मार्ग. बी४५० वर पीसीआयई ३.० आहे, १६ लेनच्या कार्डाला त्याचं फार काही वाटत नाही, पण एनव्हिडियाच्या ५०६० टीआय सारखी कार्डं आठच लेन वापरतात आणि ८ जीबीवालं घेतलं तर मेमरी भरली की तिथे चांगलीच अडखळतात. तिसरं, विंडोज. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वाढीव सुरक्षा अपडेट घेतले तरी घरगुती वापरासाठी ते ऑक्टोबर २०२६ पर्यंतचेच, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची साधारण ८व्या पिढीपासून आणि रायझनची २००० मालिकेपासून पुढची मंडळी आहेत. रायझन १६०० वाल्याचा प्रश्न ५६०० ने सुटतो, ७व्या पिढीच्या आय५ वाल्याला मात्र बोर्डासकट उठावंच लागतं.

चौथं कारण कामाचं, आणि इथे जरा थांबून सांगतो कारण यात लोकांचे पैसे फार चुकीच्या जागी जातात. माझा एक मित्र लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. नवीन कॅमेरा घेतला आणि टाइमलाइनवर क्लिप टाकली की सगळं अडकायला लागलं, रायझन ७ होता, ३२ जीबी रॅम होती. दुकानदाराने सांगितलं की एएम५ वर जा, मोठा रायझन ९ घे. फाइलची माहिती उघडून बघितली तर एच.२६५, १० बिट, ४:२:२. हा फॉरमॅट त्याचं ग्राफिक्स कार्ड हार्डवेअरमध्ये उलगडूच शकत नव्हतं, सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ही सोय आहे, एनव्हिडियाने ती ५० मालिकेच्या कार्डांत दिली. म्हणजे त्याच्यापुढे तीन रस्ते होते, कार्ड बदलणं, अंगभूत ग्राफिक्सवाल्या इंटेलवर जाणं, नाहीतर प्रॉक्सी (क्लिपच्या हलक्या नकला) बनवून काम करणं, आणि रायझन ९ यातला एकही नव्हता. तो सध्या प्रॉक्सीवर काम करतोय आणि कार्डासाठी पैसे साठवतोय. तुम्ही एडिटिंग करत असाल तर आधी फाइल कुठल्या फॉरमॅटची आहे ते बघा, आणि तुमच्या सॉफ्टवेअरची फुकटवाली आवृत्ती हार्डवेअर डिकोडिंग वापरू देते का तेही बघा. कोड कंपाइल करणं, ब्लेंडरचं सीपीयू रेंडर, व्हर्च्युअल मशीन, असलं काम असेल तर जास्त कोअर आणि जास्त रॅम यांचे पैसे खरोखर वसूल होतात, तिथे वाचलेला वेळ मोजा आणि त्यावर ठरवा.

जायचं ठरलं तर लाँचच्या महिन्यात जाऊ नका. एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आला तेव्हा बोर्ड महाग, डीडीआर५ महाग, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये तर ७८००एक्स३डी सारखे प्रोसेसर सॉकेटमध्ये जळाल्याच्या तक्रारी आल्या, मग एएमडीने एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरच्या एका भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घालणारा बायोस आणला. सहा महिने-वर्षभर थांबलं की असले प्रश्न दुसऱ्यांच्या मशीनवर सुटून जातात. उलट सॉकेटच्या अगदी शेवटी जाण्यातही मजा नाही, पुढे काही बसणारच नसतं. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्ट देणार असं एएमडीने सांगितलंय, त्यामुळे आज एएम५ घेणाऱ्याने प्रोसेसर मधला घ्यावा, बोर्ड बरा घ्यावा आणि पुढे त्यातच प्रोसेसर बदलावा. बोर्ड निवडताना बायोस फ्लॅशबॅकचं (प्रोसेसर न बसवताही बायोस अपडेट करायचं) बटण आहे का बघाच, पुढच्या पिढीचा प्रोसेसर टाकताना त्याचा फार उपयोग होतो.

पैशाचा हिशोब कागदावर करा. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, लागला तर कूलर, हे सगळं १८ टक्के जीएसटी धरून. त्यातून जुन्या सामानाचे जे खरोखर हातात येतील ते वजा करा. आलेला आकडा आणि त्याच पैशात येणारं ग्राफिक्स कार्ड समोरासमोर ठेवा. १४४०पी किंवा ४के वर खेळणाऱ्याला दहातले नऊ वेळा कार्डच जास्त देऊन जातं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन घेणार असाल तर दोन-चार दुकानं फिरा, बिल पक्कं घ्या, बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, बिनबिलाचा स्वस्त माल वॉरंटीच्या वेळी फार महागात पडतो. एएम५ साठी रॅम दोनच स्टिकची घ्या, ६००० च्या वेगाची एक्स्पोवाली (एक्स्पो म्हणजे एएमडीचं एक्सएमपी). चार स्टिक लावल्या की वेग बराच खाली येतो, म्हणून आता दोन १६ च्या आणि पुढे अजून दोन असा विचार नको.

बदलाच्या दिवशीचं थोडं. विंडोज ११ मध्ये ड्राइव्ह एन्क्रिप्शन कधीकधी आपोआप चालू झालेलं असतं, प्रोसेसर किंवा बोर्ड बदलला की ते बिटलॉकरची (त्याच एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की मागतं, त्यामुळे मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ती की आधी कागदावर उतरवून ठेवा आणि महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या डिस्कवर घ्या. एएम४ चा कूलर काढताना सरळ वर ओढायचा नाही. मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मशीन बंद करून प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा, नाहीतर प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. एएम५ ला पिना बोर्डावर असतात, वरचं प्लॅस्टिकचं झाकण जपून ठेवा, वॉरंटीला देताना लागतं. जुना कूलर एएम४ च्या मूळ बॅकप्लेटवर (बोर्डाच्या मागच्या पट्टीवर) बसणारा असेल तर एएम५ वर बहुधा चालतो, स्वतःची बॅकप्लेट मागणारा चालत नाही.

पहिल्यांदा चालू केलं की डीडीआर५ चं ट्रेनिंग, म्हणजे रॅम बोर्डाशी जुळवून घेणं, चालतं, स्क्रीन काळी आणि पंखे फिरतायत असं काही मिनिटं राहू शकतं. घाबरून बंद करू नका, थांबा. वर आलं की बायोस अपडेट, मग एक्स्पो चालू, आणि टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग खरंच ६००० दिसतोय का ते बघा. नवीन मशीन आठवडाभर बिनबोभाट चाललं की मगच जुना बोर्ड आणि प्रोसेसर विकायला काढा. डीडीआर४ चेही भाव चढलेत, त्यामुळे रॅम बोर्डाबरोबर फुकटात देऊन टाकू नका, वेगळी विका.