जाड लीडरची गाठ: जीटीच्या तयारीसाठी

लहानपणी खाडीवर तंगुसाला गरी बांधताना आपण पाच-सहा पीळ देतो, टोक फाशातून ओवतो, दातांनी ओढतो आणि झालं. अंदमानला जायंट ट्रेव्हली म्हणजे जीटी गरवायला गेलात तर हीच सवय घात करते. तिथे लीडर, म्हणजे रीळवरची दोरी आणि गळ यांच्यामधला जाड तुकडा, १३० ते २०० पौंडांची, म्हणजे सुमारे ५९ ते ९१ किलोंची ओढ सोसणारा नायलॉन असतो. तो तारेसारखा ताठ. त्याला पाच-सहा पीळ दिले तर गाठ आवळतच नाही. वरून घट्ट दिसते, आत पोकळ राहते आणि माशाने पहिली धाव घेतली की सरकते.

लीडर एवढा जाड का, हे आधी नीट समजून घ्या. रीळवरची ब्रेडेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली, दोरी साधारण ८० ते १०० पौंडांची असते, म्हणजे ओढीला कमी पडणारी वस्तू लीडर नव्हेच. गळ लागताच जीटी सरळ प्रवाळाकडे खाली झेपावतो. खडकाला घासून ब्रेडेड दोरी क्षणात तुटते, नायलॉन मात्र घासला तरी बराच वेळ टिकतो. जाडी हवी ती या घासण्यासाठी. म्हणून या सगळ्या साखळीत जपायच्या जागा दोनच: ब्रेडेड दोरी आणि लीडर यांचा जोड, आणि लीडर व गळ जोडायची कडी यांची गाठ.

जोडासाठी मी एफजी नावाची गाठ सोडून दुसरं काही बांधत नाही. तिच्यात लीडरला गाठ पडतच नाही, तो सरळ राहतो आणि ब्रेडेड दोरीच त्याला वेणीसारखी गुंडाळून धरते. जितकं ओढाल तितकी पकड वाढते. शिवाय जोड बारीक असल्याने फेकताना रॉडच्या कड्यांतून विनाअडथळा जातो.

बांधताना रॉड कुठेतरी पक्का टेकवा आणि ब्रेडेड दोरी ताठ ठेवा. तिचं सुटं टोक डाव्या हाताच्या करंगळीला गुंडाळा, पण हातमोजा घालूनच, कारण ताणलेली ब्रेडेड दोरी बोट कापते. आता लीडर मध्ये धरून असा वर-खाली हलवा की दोरीची दोन्ही अंगं एकदा लीडरच्या वरून एकमेकांना ओलांडतील, पुढच्या वेळी खालून. अशी वीस ओलांडणी करा. प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून बसला पाहिजे, मध्ये फट नको. ताण एकदाही ढिला पडला तर मागचे वेढे उसवतात. तेव्हा सावरत बसू नका, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा.

वीस झाली की सुट्या टोकाने लीडर आणि मुख्य दोरी या दोघांना मिळून एक अर्धी गाठ मारा. थुंकी लावून ओली करा आणि लीडर व मुख्य दोरी दोन्हीकडून जोरात ओढा. इथे डोळे उघडे ठेवा: पकड बसली की वेण्यांचा रंग गडद होतो आणि दोरी लीडरच्या अंगात रुतल्यासारखी दिसते. रंग बदलला नाही तर गाठ झालेली नाही. मग आणखी चार-पाच अर्ध्या गाठी, एक या बाजूने, एक त्या बाजूने. लीडरचं उरलेलं टोक अगदी जवळून कापा आणि शेवटी फक्त मुख्य दोरीवर पाच-सहा अर्ध्या गाठी मारून संपवा.

माझा एक मोठा मासा याच टप्प्यावर गेला. बोट निघायची घाई होती, ओढून बघायचं राहिलं. मासा आला, रीळ ओरडलं आणि अचानक सगळं हलकं झालं. दोरी गोळा केली तर टोकाला वेण्या तशाच, कुरळ्या, आणि लीडर त्यातून अलगद निसटून गेलेला. कुठेही तुटलेलं नव्हतं.

दुसऱ्या टोकाला, कडीशी, युनी गाठ. आपल्या सुरगाठीचीच ही बहीण म्हणा. लीडर कडीतून ओवून दुहेरी करा, टोक मागे वळवून एक फास करा आणि त्या फाशातून, दुहेरी दोरीभोवती, तीन वेढे द्या. बारीक तंगुसाला पाच-सहा चालतात, १३० पौंडाला तीनच. ओलं करा, टोक पकडीत धरून गाठ आवळा आणि मगच मुख्य बाजू ओढून ती कडीपर्यंत सरकवा. उलट क्रमाने केलंत तर घर्षणाने नायलॉन तापतो आणि तिथेच कमजोर होतो. लीडरचा दुसरा प्रकार, फ्लोरोकार्बन, नायलॉनहून ताठ असतो, त्याला आवळायला आणखी सावकाश हात हवा.

२०० पौंडांच्या पुढे हाताने आवळायचा हट्ट धरू नये. तिथे धातूची नळी घालून दाबपकडीने दाबतात. नळी लीडरच्या मापाचीच घ्या. तिच्या दोन्ही कडा दाबायच्या नाहीत, नाहीतर कड लीडरला कापते. सुरमईसारखा दातांचा मासा येणार असेल तर पुढे तारेचा तुकडा लागतो, तिथे नायलॉनचा उपयोग नाही.

विक्रमासाठी नोंद करायची असेल तर आधी मोजमाप बघा. १९३९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, आयजीएफएच्या नियमांत, समुद्रात २० पौंडांवरच्या दोरीच्या वर्गांना लीडर जास्तीत जास्त ३० फूट चालतो.

गाठ तपासायची ती घरी. कडी भिंतीतल्या पक्क्या हुकात अडकवा, लीडर लाकडी दांड्याला गुंडाळा आणि अंग टाकून ओढा. हाताला कधीच गुंडाळू नका, आणि डोळ्यांना चष्मा लावा, कारण सुटलेली कडी गोळीसारखी येते. समुद्रावर प्रत्येक माशानंतर लीडरचा शेवटचा हातभर भाग दोन बोटांतून ओढून पाहा. नखाला खडबडीत लागलं की तेवढा तुकडा कापा आणि युनी पुन्हा बांधा.