कमी साखरेचा बार्बेक्यू सॉस घरी कसा करावा

बार्बेक्यू सॉसची बाटली घेतलीत की आधी ती उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात, म्हणजे ज्याचं नाव सगळ्यात आधी, तेच बाटलीत सगळ्यात जास्त. बऱ्याच बाटल्यांवर तो मान साखरेचा किंवा कॉर्न सिरपचा असतो. दोन टेबलस्पून सॉसमध्ये साधारण 12 ते 16 ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे. वरून घातलेली साखर मोठ्या माणसानं दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि तंगडीवर सॉस लावताना दोन टेबलस्पून मोजून कोण थांबतं?

आमच्या घरी सासऱ्यांना मधुमेह आहे आणि गच्चीवरची शेगडी पेटली की सगळ्यात आधी खुर्ची त्यांची लागते. त्यांच्या ताटात निर्धास्तपणे वाढता येईल असा सॉस मला हवा होता. पहिल्या खेपेला मी साखर सरळ वगळली. सॉस चवीला आंबट-तिखट झाला, पण तंगडीवर टिकेना. लावला की ओघळून निखाऱ्यावर, आणि कोंबडी कोरडी ती कोरडीच. साखर या सॉसमध्ये नुसती गोडीसाठी नसते हे तेव्हा लक्षात आलं. ती सॉसला दाटपणा देते, मांसाला धरून ठेवते, चकाकी आणते, वर बाटली टिकवते. साखर काढायची तर यातलं एकेक काम दुसऱ्या कुणावर तरी सोपवावं लागतं. पुढची सगळी कृती त्यावरच उभी आहे.

अमेरिकेत, जिथला हा पदार्थ, तिथे बार्बेक्यू सॉस एक नाहीच. आपल्याकडे पोचला तो कॅन्सस सिटीचा: टोमॅटो, ब्राउन शुगर आणि मोलॅसिस, म्हणजे साखर काढून उरलेला काळा दाट पाक. पण नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात व्हिनेगर आणि तिखटाचा पाण्यासारखा पातळ सॉस लावतात, त्यात साखर नावाला. साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा, तर उत्तर अलाबामात मेयोनेजचा पांढरा. म्हणजे गोडमिट्ट असणं हा काही या सॉसचा धर्म नव्हे. मी अंग कॅन्सस सिटीचं घेते, आंबटपणा नॉर्थ कॅरोलायनाचा आणि मोहरी साउथ कॅरोलायनाची.

अर्धा किलोच्या आसपास सॉससाठी हे घ्या:

पिकलेले लालबुंद टोमॅटो 750 ग्रॅम
मध्यम कांदे 2, लसूण 7-8 पाकळ्या
काळे खजूर 5-6 (बिया काढून 40 ग्रॅम)
ब्याडगी किंवा काश्मिरी मिरच्या 4
अ‍ॅपल सायडर व्हिनेगर 4 टेबलस्पून
चिंचेचा दाट कोळ 1 टेबलस्पून
काकवी 1 टेबलस्पून
मोहरीची पूड 1 चमचा, मिरपूड अर्धा चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा
मीठ पाऊण चमचा, तेल 2 चमचे

चिंच बघून दचकू नका. अमेरिकन सॉसमध्ये सर्रास पडणाऱ्या वूस्टरशर सॉसमध्ये चिंच असतेच. त्यात अँकोव्ही नावाचे मासेही असतात, त्यामुळे शाकाहारी घरात तो तसाही चालत नाही. काकवी मोलॅसिसच्या जागी आहे. ती गडद, किंचित कडसर चव दुसऱ्या कशानं येत नाही.

आधी टोमॅटो, कांदे आणि लसूण भाजून घ्यायचं. टोमॅटोचे दोन भाग करा, कांद्याचे चार. तेलाचा हात लावून ओव्हनमध्ये 200 अंशांवर 35 ते 40 मिनिटं ठेवा. ओव्हन नसेल तर लोखंडी तव्यावर, टोमॅटोची कापलेली बाजू खाली ठेवून, मध्यम आचेवर. टोमॅटोच्या कडा काळपट व्हायला हव्यात आणि कांदा बोटानं दाबला तर दबायला हवा. ही पायरी गाळून नुसते टोमॅटो शिजवाल तर सॉसला केचपची चव येईल. भाजल्यानं पाणी उडतं, कांद्याची स्वतःची गोडी वर येते आणि दाटपणाचं निम्मं काम इथेच होतं.

भाजणं चालू असताना खजूर आणि देठ-बिया काढलेल्या मिरच्या गरम पाण्यात 15 मिनिटं भिजू द्या. दुसऱ्या वाटीत मोहरीची पूड दोन चमचे गार पाण्यात कालवून ठेवा. लोणच्याला मोहरी फेसतो तोच हिशोब. गार पाण्यातच तिचा झणका खुलतो. गरम पाणी घातलंत तर ती मिळमिळीत होते.

मग मोहरी सोडून भाजलेलं-भिजलेलं सगळं मिक्सरमधून गंधासारखं वाटा आणि मोठ्या चाळणीतून गाळून घ्या. खजुराचा तंतू आणि टोमॅटोची साल अडली की सॉस गुळगुळीत होतो. सॉसला धरून ठेवण्याचं साखरेचं काम आता खजुराचा गर करणार आहे.

हे जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. कल्हई उडालेलं पितळेचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं भांडं घेऊ नका, आंबटाशी त्याचं जमत नाही. चिंचेचा कोळ, काकवी, मिरपूड, जिरेपूड आणि निम्मं व्हिनेगर घाला. 20-25 मिनिटं अधूनमधून ढवळत राहा. सॉस फटफट उडतो आणि हातावर चांगलाच चटका बसतो, म्हणून वर जाळी किंवा अर्धवट झाकण ठेवा. झाला की नाही हे बघायला गार बशीत अर्धा चमचा टाका आणि बशी तिरकी करा. थेंबाभोवती पाण्याची कड सुटली तर अजून पाच मिनिटं. थेंब जागच्या जागी राहिला की गॅस बंद.

मीठ आता घाला, आधी नाही. आटता आटता खारटपणा वाढतो, आणि सुरुवातीला चवीपुरतं वाटलेलं मीठ शेवटी जास्त होतं. उरलेलं व्हिनेगर आणि फेसलेली मोहरीही आत्ताच. शिजवताना व्हिनेगरचा वास उडून जातो. शेवटी घातलेला ताजा राहतो, आणि जीभ आंबटावर खूश असली की गोड कमी आहे हे तिच्या ध्यानातही येत नाही.

धुराच्या वासासाठी बाटलीतला अर्क नको. धुंगार द्या. लाकडी कोळशाचा तुकडा गॅसवर लालभडक करा, स्टीलच्या छोट्या वाटीत ठेवून ती वाटी सॉसवर अलगद तरंगती ठेवा, कोळशावर अर्धा चमचा तूप सोडा आणि चर्र आवाज आला की लगेच घट्ट झाकण. तीन मिनिटं पुरे, जास्त ठेवलं तर धूर कडवटतो. खिडकी मात्र उघडी असू द्या.

माझ्या हिशोबानं या सॉसच्या दोन टेबलस्पूनमध्ये जेमतेम 5 ग्रॅम साखर येते, तीही बहुतेक टोमॅटो, कांदा आणि खजुराची. काकवीची जेमतेम 1 ग्रॅम. मीठही विकतच्या सॉसच्या निम्म्याच्या आसपास. गोडी वाढवायची म्हणून कुणी वाटीभर गूळ किंवा मध घालू पाहील, त्यांना प्रेमानं अडवा. गूळ, मध आणि काकवी रक्तात पोचल्यावर साखरच असतात. मधुमेह असलेल्यांसाठी मी काकवी अर्धी करते आणि खजूर तीनच घेते.

लावण्याची वेळही महत्त्वाची. साखर 160 अंशांच्या पुढे तांबूस व्हायला लागते आणि मग बघता बघता करपते. निखाऱ्यावरची जाळी त्याहून पुष्कळ तापलेली असते. हा सॉस विकतच्यापेक्षा उशिरा करपतो, तरी कोंबडी आतून शिजत आल्यावर, शेवटच्या आठ-दहा मिनिटांत दोनदा लावा. लावायचा तेवढा सॉस वाटीत वेगळा काढा. कच्च्या मांसाला लागलेला ब्रश बरणीत गेला तर ती अख्खी बरणी गेली. पनीर, मशरूम आणि मक्याच्या कणसावरही हा छान बसतो. कणसाला लावून वर लिंबू पिळा.

साखर कमी म्हणजे टिकाऊपणाही कमी. उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. उरेल असं वाटलं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून खडे पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका. दोन-तीन महिने चव टिकते, आणि एक खडा एका माणसाच्या वाढणीला बरोबर पुरतो.