रीस्टार्टनंतर ड्राइव्ह गायब? फॉरमॅट मारू नका, आधी हे बघा

कॉम्प्युटर रीस्टार्ट केला आणि 'धिस पीसी'मध्ये डी किंवा ई ड्राइव्ह दिसेना, की पहिला सल्ला ठरलेला: फॉरमॅट मारा. दुसरा: विंडोज नव्याने टाका. दोन्ही ऐकू नका. पुष्कळदा डिस्क जागेवर धडधाकट असते, तिचं फक्त अक्षर गेलेलं असतं. पुढचं सगळं विंडोज 10 आणि 11 मधल्या दुसऱ्या, म्हणजे डेटाच्या डिस्कबद्दल आहे.

डिस्क कुठपर्यंत दिसते?

विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली डिस्क 0, डिस्क 1 अशा पट्ट्या दिसतील. तुमची डिस्क तिथे असेल तर कॅबिनेट उघडायची गरज नाही. नसेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) बघा. तिथेही नसेल तर विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, थेट शेवटच्या भागाकडे जा.

उघडताच 'इनिशियलाइझ डिस्क' अशी खिडकी आली तर कॅन्सल. ओके दाबलं की डिस्कवर नवा पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची, म्हणजे पार्टिशनांची यादी) लिहिला जातो, आणि साधं काम डेटा रिकव्हरीवाल्याकडे जातं.

अक्षर दर रीस्टार्टला जातं तेव्हा

डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन 'हेल्दी' दिसतं, पण त्याला अक्षर नसतं. राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', अ‍ॅड, ओके. ड्राइव्ह हजर. बहुतेक सल्ले इथेच संपतात आणि पुढच्या रीस्टार्टला ड्राइव्ह पुन्हा गायब. कारण अक्षर दिलं, पण 'याला अक्षर देऊ नये' ही पार्टिशनवरची खूण तशीच राहिली. पार्टिशनची किंवा क्लोनिंगची (डिस्कची हुबेहूब नक्कल करणारी) सॉफ्टवेअर वापरल्यावर ती मागे राहू शकते, आणि डिस्क मॅनेजमेंट ती दाखवत नाही.

त्यासाठी डिस्कपार्ट, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायचं विंडोजमधलंच साधन. स्टार्टमध्ये शोधा आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडा. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. आधी 'लिस्ट व्हॉल्यूम' (व्हॉल्यूम म्हणजे इथे पार्टिशनच). आपलं व्हॉल्यूम नावावरून आणि आकारावरून ओळखा, नंबर पाठ करून नव्हे. नंबर बदलू शकतो. समजा ते 3 आहे. 'सिलेक्ट व्हॉल्यूम 3', मग 'अ‍ॅट्रिब्यूट्स व्हॉल्यूम'. चार ओळी येतात. 'हिडन' किंवा 'नो डिफॉल्ट ड्राइव्ह लेटर' यांच्यापुढे 'येस' असेल तर चोर सापडला. 'अ‍ॅट्रिब्यूट्स व्हॉल्यूम क्लिअर हिडन', पाठोपाठ 'अ‍ॅट्रिब्यूट्स व्हॉल्यूम क्लिअर नोडिफॉल्टड्राइव्हलेटर'. हा शेवटचा लांबलचक शब्द सलग लिहायचा, मध्ये एकही जागा नको. मग 'असाइन लेटर=एस'.

डिस्कचा पार्टिशन टेबल जुन्या एमबीआर पद्धतीचा असेल तर ही खूण तिच्यावरच्या सगळ्या व्हॉल्यूमना एकदम लागू होते. त्यामुळे लपलेलं रिकव्हरी पार्टिशनही अचानक समोर येऊ शकतं. त्याचं अक्षर काढा, पार्टिशन उडवू नका.

दोन्ही ठिकाणी 'नो' असेल तर नुसतं 'ऑटोमाउंट' (नव्या व्हॉल्यूमना आपोआप अक्षर देण्याची सोय) टाइप करा. बंद असेल तर 'ऑटोमाउंट एनेबल'. मग 'सॅन' (नव्या डिस्क आपोआप ऑनलाइन करायच्या की नाही, हा नियम). उत्तर 'ऑनलाइन ऑल' आलं पाहिजे; नसेल तर 'सॅन पॉलिसी=ऑनलाइनऑल'. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क दर वेळी 'ऑफलाइन' दिसत असेल तर आधी हेच तपासा.

इथे एक इशारा. डिस्कपार्टच्या उपायांत हमखास 'क्लीन' ही आज्ञा घुसडलेली असते. ती डिस्क साफसूफ करत नाही, पार्टिशन टेबल पुसते, तेही 'नक्की ना?' असं न विचारता. डेटा हवा असेल तर या शब्दाच्या वाटेला जाऊ नका.

अक्षरही विचार करून द्या. विंडोज पेनड्राइव्हना सुरुवातीची मोकळी अक्षरं देतं, नेटवर्क ड्राइव्ह साधारण झेडकडून मागे येतात. मधलं एम ते टी घ्या, भांडण नाही.

क्लोन केलेली जुनी डिस्क ऑफलाइन दिसत असेल तर कारण वेगळं: दोन्ही डिस्कची सही (ओळख क्रमांक) एकच, म्हणून विंडोज एकीला बाजूला ठेवतं. तिच्यावर राइट क्लिक करून 'ऑनलाइन' केलं की तिला नवी सही मिळते. पण मग त्या डिस्कवरून विंडोज सुरू होईलच असं नाही. ती बूटसाठी राखून ठेवली असेल तर हात लावू नका.

रीस्टार्ट आणि शटडाउन एक नव्हे

विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असताना शटडाउन अर्धवट असतं: विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. रीस्टार्ट मात्र सगळं पहिल्यापासून वाचतं. म्हणून शटडाउननंतर गायब झालेली डिस्क रीस्टार्टनंतर परत येत असेल, तर पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा.

उलट झालं, म्हणजे रीस्टार्टला जाते आणि पूर्ण बंद केल्यावर येते, तर संशय डिस्कच्या फर्मवेअरवर, म्हणजे तिच्या आतल्या सॉफ्टवेअरवर. साध्या रीस्टार्टमध्ये डिस्कची वीज सहसा तुटत नाही, त्यामुळे अडकलेला कंट्रोलर (डिस्क चालवणारी चिप) अडकलेलाच राहतो. क्रुशिअल कंपनीच्या एम4 एसएसडीचा (फिरते भाग नसलेल्या डिस्कचा) दोष असाच होता: 5,184 तास वापर झाला की ती गप्प व्हायची, वीज तोडून दिली की यायची, आणि तासाभराने पुन्हा तेच. 2012 मध्ये 0309 या फर्मवेअरने तो दोष गेला. तेव्हा बॅकअप घ्या, मग कंपनीच्याच साइटवरून फर्मवेअर अपडेट करा.

बायोसमध्येच नसेल तर

शिफ्ट दाबून शटडाउन करा, भिंतीवरचा स्विच बंद करा, अर्धा मिनिट थांबा. लाइट अचानक गेल्यावर रुसलेली साटा (केबलने जोडायची) एसएसडी असेल तर डेटा केबल काढून फक्त पॉवर केबलवर वीस मिनिटं ठेवा, पॉवर तीस सेकंद तोडा, आणि हेच आणखी एकदा. सगळ्याच परत येत नाहीत, पण करून बघायला खर्च नाही.

नवी एम.2 (थेट मदरबोर्डवर बसणारी एसएसडी) बसवल्यावर जुनी हार्ड डिस्क गेली असेल तर मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा. बऱ्याच बोर्डांवर एम.2 भरली की एखादं साटा पोर्ट बंद होतं. केबल दुसऱ्या पोर्टात घाला, काम झालं.

साडेतीन इंची हार्ड डिस्क सकाळी पहिल्यांदा दिसत नाही आणि रीस्टार्ट केल्यावर दिसते? ती पूर्ण वेगात फिरायच्या आत बायोस पुढे निघून जातो. बायोसमधलं फास्ट बूट बंद करा. तरीही तेच झालं तर पॉवर सप्लाय बदलून बघा, कारण फिरायला लागताना डिस्क 12 व्होल्टवर सुमारे 2 अँपिअर ओढते. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी 48 अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा.

राहिली साटा केबल. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सी7 (केबलवरून डेटा जाता-येता झालेल्या चुका) ही ओळ बघा, आकडा कागदावर लिहा, केबल बदला आणि आठवड्याने पुन्हा बघा. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे तो तेवढाच राहिला तर दोष केबलचाच होता. पण 05 किंवा सी5 (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागा) या ओळींतले आकडे वाढत असतील तर केबल, बायोस सगळं बाजूला ठेवा आणि डिस्क दिसतेय तोवर डेटा कॉपी करून घ्या.