एक्स-रे दुर्बिणीचे ऊर्जामापन : या चुका टाळा

अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाची निरीक्षणे सर्वांसाठी खुली झाल्यापासून रत्नागिरीत बसूनही एक्स-रे खगोलशास्त्राचा अभ्यास करता येतो. मात्र प्रकल्पासाठी येणारे विद्यार्थी दरवर्षी त्याच चुका करतात, आणि त्यांतल्या बहुतेक चुका मोजपट्टी न तपासताच माप सांगण्याच्या घाईतून होतात.

सर्वांत महाग पडते ती उपकरणाच्या खुणेला ताऱ्याची खूण समजण्याची चूक. काही पावसाळ्यांपूर्वी एक विद्यार्थिनी आणि मी अ‍ॅस्ट्रोसॅटवरील सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोपने टिपलेला एका तेजस्वी जोडताऱ्याचा वर्णपट तपासत होतो. १.८ आणि २.२ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) यांच्या आसपास प्रतिमानात न बसणारे दोन उंचवटे दिसले, आणि वीज येत-जात असताना आम्ही तीन आठवडे त्यांवर नव्या रेषा बसवत राहिलो. प्रत्यक्षात १.८४ केईव्ही ही सीसीडीतल्या (किरण टिपणाऱ्या चिपमधल्या) सिलिकॉनची शोषणकडा, म्हणजे जिथे शोषण एकदम वाढते ती ऊर्जा, आहे आणि २.२ केईव्हीजवळ आरशांवरील सोन्याच्या मुलाम्याची कडा येते. तराजूला पासंग असावा तसा आमच्या ऊर्जामापनात सुमारे ०.०३ केईव्हीचा ऑफसेट होता; तो दुरुस्त करताच दोन्ही उंचवटे नाहीसे झाले. तेव्हापासून या दोन ठिकाणी काहीही उगवले, तर पासंग पाहिल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही.

पासंग पाहण्याची सोय दुर्बिणीतच आहे. सीसीडीच्या चार कोपऱ्यांवर लोह-५५ या किरणोत्सारी लोहाचे स्रोत सतत किरण टाकतात आणि त्यांतून मँगनीजची ५.९ केईव्हीची रेषा मिळते. माझ्या वहीत प्रत्येक निरीक्षणाच्या पहिल्या पानावर या रेषेचे शिखर कोठे आले ते लिहिलेले असते. लोह-५५ चा अर्धायुकाल सुमारे २.७ वर्षे आहे आणि उपग्रह सप्टेंबर २०१५ मध्ये अवकाशात गेला, त्यामुळे नऊ वर्षांनंतर स्रोताची तीव्रता जेमतेम दहाव्या हिश्शावर आली. अलीकडच्या निरीक्षणांत म्हणूनच चारही कोपऱ्यांतील नोंदी एकत्र करून, जास्त कालावधीच्या बेरजेवर शिखर ठरवावे; थोड्या फोटॉनांवर बसवलेले शिखर विश्वासार्ह नसते.

दुसरी चूक हीच रेषा हाती धरून होते. गेनचा (सीसीडीतील संकेताचे ऊर्जेत रूपांतर करणाऱ्या मापाचा) चढ आणि ऑफसेट अशी दोन अज्ञाते असताना काही जण ५.९ आणि तिच्या शेजारची ६.४९ केईव्हीची रेषा वापरून दोन्ही काढतात व तोच निष्कर्ष १ केईव्हीपर्यंत ताणतात. या रेषा इतक्या जवळ आहेत की शिखराच्या स्थानातील बारीक चूकही खाली मोठी होते. कमी ऊर्जेचा आधार हवा असेल तर टायको या अतिनवताऱ्याच्या अवशेषाचे त्याच सुमाराचे निरीक्षण शोधावे, कारण त्यात १.८६ केईव्हीजवळ सिलिकॉनची आणि २.४५ केईव्हीजवळ गंधकाची ठळक रेषा दिसते. ते न मिळाल्यास मी चढ १ वर स्थिर ठेवून फक्त ऑफसेट काढतो.

जुनी प्रतिसाद-फाइल (कोणत्या ऊर्जेला उपकरण कसा प्रतिसाद देते याची नोंद) वापरू नये, कारण सीसीडी काळानुसार बदलते. प्रारणाच्या माऱ्याने सीसीडीत वाहून नेताना विद्युतभार गळतो आणि ऊर्जा कमी दिसते. नासाच्या चंद्रा या एक्स-रे दुर्बिणीला हा फटका १९९९ साली, प्रक्षेपणानंतर काही आठवड्यांतच बसला होता.

फार तेजस्वी स्रोतात दोन फोटॉन एकच म्हणून मोजले जातात आणि वर्णपट वरच्या ऊर्जेकडे झुकतो. हा दोष गेन बदलून झाकू नये. प्रतिमेचा मधला भाग वगळून वर्णपट पुन्हा काढावा.