एक डाव नको, पण शंभर चालतील? जोखमींची बेरीज करताना या चुका टाळा

अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी जेवताना सहकाऱ्यांपुढे पैज ठेवली: नाण्याची बाजू ओळखलीत तर २०० डॉलर मिळतील, चुकलात तर १०० जातील. एकजण म्हणाला, एकदाच नको, पण असे १०० डाव देणार असाल तर तयार आहे. १९६३ साली सॅम्युएलसन यांनी लेख लिहून या उत्तरातली विसंगती दाखवली.

पहिली चूक इथेच होते: डाव वाढले की धोका विरतो, असं वाटणं. १०० डावांअखेर तोट्यात असण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी, हे खरं. पण जास्तीत जास्त तोटा १०० वरून १०,००० वर जातो आणि एकूण रकमेचं प्रमाण विचलन (रक्कम सरासरीच्या आजूबाजूला किती पसरते याचं माप) १५० वरून १,५००. घटते ती फक्त दर डावामागच्या सरासरीची अस्थिरता. विमा कंपनीचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं, तेही अर्धवट. तिथे धोके नुसते गोळा होत नाहीत, ते अनेक भागधारकांत वाटलेही जातात.

सॅम्युएलसन यांचा तर्क शेवटून सुरू होतो. ९९ डाव झालेत, शंभरावा हवा? एकटा डाव नको म्हणणारा इथेही नकोच म्हणेल. मग ९९ वा? असं करत पहिल्यापर्यंत. म्हणजे शंभरही नकोच.

दुसरी चूक विद्यार्थी नेमाने करतात: या तर्काची अट गाळतात. खिशात कितीही पैसे असले तरी नकार कायम हवा. पाच हजार जिंकल्यावर हाच गृहस्थ होकार देणार असेल, तर त्याला वेड्यात काढायचं कारण नाही.

तिसरी चूक म्हणजे प्रत्येक धोका सुटा तोलणं. पगार ज्या कंपनीचा, शेअरही तिचेच, हे ढोबळ उदाहरण. पण धोके एकमेकांपासून स्वतंत्र असले तरी प्रश्न सुटत नाही. नको असलेले दोन धोके एकत्र आल्यावर हवेसे होऊ नयेत, ही साधी अपेक्षाही निव्वळ जोखीम टाळण्याच्या वृत्तीतून निघत नाही. प्रॅट आणि झेकहाउसर या संशोधकांना १९८७ साली ती वेगळी अट म्हणून मांडावी लागली.

गोंधळ झाला तर दोनच डाव कागदावर मांडा: ¼ शक्यता +४००, ½ शक्यता +१००, ¼ शक्यता −२००. तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तोटा अडीचपट बोचणाऱ्याला एका डावाचं मोल −२५ वाटतं, दोन डावांच्या जोडीचं +२५. मात्र प्रत्येक डावानंतर वेगळा हिशेब पाहिला, तर प्रत्येक डाव पुन्हा −२५ चाच.