'जस्ट' कुठे कसा वापरायचा
'जस्ट' आपण मराठी बोलतानाही सर्रास वापरतो, 'मी जस्ट आलो' वगैरे, त्यामुळे वाटतं की हा शब्द आपल्याला येतो, पण इंग्लिश वाक्यात तो रंग बदलत राहतो आणि दर वेळी 'फक्त' लावून वाचलं की गडबड होते. म्हणून आधी वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हणा आणि आत्ताच, नुसतं, अगदी, जेमतेम यातलं काय बसतं ते बघा.

'शी हॅज जस्ट लेफ्ट' म्हणजे ती आत्ताच गेली. ब्रिटिश लोक इथे हॅज लावतात, अमेरिकन लोक 'शी जस्ट लेफ्ट' पण बिनधास्त म्हणतात. 'इट्स जस्ट अ स्क्रॅच' म्हणजे नुसतं खरचटलंय. 'दॅट्स जस्ट व्हॉट आय नीडेड' म्हणजे मला अगदी हेच हवं होतं, इथे 'फक्त' घातलंत तर अर्थाची वाट लागली. 'आय जस्ट पास्ड' मात्र चकवतं, आत्ताच पास झालो की जेमतेम, ते मागच्या-पुढच्या बोलण्यावरून कळतं, आणि जेमतेमच म्हणायचं असेल तर सरळ 'ओन्ली जस्ट' म्हणा. 'आय वॉज जस्ट अबाउट टू कॉल यू' म्हणजे तुला फोन करणारच होतो, आपला 'च' इथे मस्त बसतो.

खरी गोची नकार आला की होते. 'आय जस्ट डोन्ट लाइक इट' म्हणजे मला ते आवडतच नाही, आणि 'आय डोन्ट जस्ट लाइक इट, आय लव्ह इट' म्हणजे नुसतं आवडत नाही तर जाम आवडतं. शब्द तेच, जागा बदलली की पार उलटं! साधारणपणे 'जस्ट'च्या लगेच पुढे जे येतं त्यावर त्याचा जोर पडतो, एवढं लक्षात ठेवलं की बरंचसं निभावतं.

तसंच 'अ'चं. 'जस्ट अ डिसिजन' म्हणजे फक्त एक निर्णय, पण 'अ जस्ट डिसिजन' म्हणजे न्याय्य निर्णय, 'जस्टिस' याच घराण्यातला.

मेलमध्ये 'आय जस्ट वॉन्टेड टू चेक' लिहिलं की विचारणं जरा मऊ होतं, एकदा ठीक आहे, पण प्रत्येक ओळीत आलं की माणूस उगाच बिचकत बोलतोय असं वाटतं (माझ्या मते निम्मे तरी काढून टाकावेत, काही बिघडत नाही). उलट 'जस्ट टेल मी' वैतागून म्हटलं तर 'सांग ना एकदाचं' असं होतं, तिथे सगळा खेळ आवाजाचा.

आणि हो, दक्षिण आफ्रिकेत 'जस्ट नाउ' म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळाने, कधीकधी बऱ्याच वेळाने. तिकडच्या कुणी 'आय विल कॉल यू जस्ट नाउ' म्हटलं तर फोन हातात धरून बसू नका, किती वाजता ते विचारून घ्या.