फ्लशसाठी कॉल करण्याआधी पॉट मोजा

पोकर (टेक्सास होल्डेम) खेळताय: हातात दोन बदाम, टेबलावर दोन आणि टर्न, म्हणजे टेबलावरचं चौथं पान, होऊन गेलाय. आणखी एक बदाम आलं की फ्लश, म्हणजे पाचही पानं बदामाची. न दिसलेली पानं 46, त्यांत बदामाची 9; म्हणजे शक्यता जेमतेम 20 टक्के. पॉटमध्ये (मधे जमलेल्या पैशांत) 1000 असताना समोरच्याने 500 लावले, तर 1500 मिळवायला तुम्ही 500 घालताय. असा कॉल, म्हणजे समोरच्याएवढे पैसे घालून खेळात राहणं, परवडायला 25 टक्के शक्यता लागते (एकूण 2000 पैकी तुमचे 500). सरळ फोल्ड करा, पानं टाकून द्या. हां, फ्लश लागल्यावर समोरचा गडी रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानानंतर) सरासरी आणखी साडेपाचशेच्या वर देणारा असेल तर गोष्ट वेगळी. पण टेबलावर तिसरं बदाम पडलं की बहुतेकांचा हात आखडतोच. आणि टक्के काढायला आउट्सना (हात पुरा करणाऱ्या पानांना, इथे 9) चाराने गुणायची युक्ती फ्लॉपवर (टेबलावर पहिली तीन पानं आल्यावर) ऑल-इन झालं, म्हणजे सगळे पैसे लागले असतील तरच वापरा, एरवी दोनाने गुणा.